गणपतरावांचा एकशेसातवा पावणा

गणपतराव चौगुले यांना कुठलीही चार माणसं दाखवा, ते त्यांना ओळीत उभं करतील. उंचीनं नव्हे, वयानंही नव्हे, मानानं. कोण आधी, कोण मग, कोण मागाहून आणि कोणाचं नुसतं ‘या की’ म्हणून भागतं, हे त्यांना माणूस जिना चढून वर येईपर्यंत कळलेलं असे. निदान त्यांचा तसा समज होता, आणि समज पक्का असला की पुराव्यावाचून कुणाचं अडत नाही. घरातले चहाचे कपसुद्धा त्यांनी मानानं लावले होते. कान तुटलेला कप सगळ्यांत मागे. त्यांची बायको शालन मात्र रोज त्यांना नेमका त्याच कपातून चहा द्यायची.

जिल्ह्यातल्या पिठाच्या गिरणीवाल्यांचा एक संघ आहे, त्याचे ते व्यवस्थापक. कोल्हापूरच्या शाहूपुरीत सायकलच्या दुकानाच्या डोक्यावर संघाची खोली. गिरणीवाले म्हणजे साधीभोळी माणसं, असं ज्याला वाटत असेल त्यानं त्यांना एकदा जेवायला बोलावून बघावं. कुणाचा डबा आधी लागला यावरून बायकांची भांडणं सोडवण्यात यांची हयात गेलेली. पण स्वतःचा नंबर मागे लागला की हीच माणसं ताटावरून उठतात.

अशा माणसांचा दरसाल दिवाळीनंतर मेळावा भरायचा. त्याआधी महिनाभर गणपतराव स्कूटर काढून पश्चिमेच्या घाटातल्या गगनबावड्यापासून पार पूर्वेच्या कबनूरपर्यंत दारोदार आवतण देत फिरायचे, तेही मानाच्या क्रमानं. त्यामुळे आज गगनबावडा, उद्या कबनूर, परवा परत गगनबावडा, अशी स्कूटरची परवड व्हायची. पण त्यांच्या कारकिर्दीत एकही सभासद रुसला नव्हता. ही गोष्ट ते बँकेच्या दारातल्या वॉचमनलाही सांगायचे.

क्रम चुकू नये म्हणून त्यांनी सगळी नावं एक्सेलमध्ये घालून ठेवली होती. पहिल्या ओळीत चिमणाबाई, म्हणजे संघाच्या संस्थापकांच्या पत्नी. तिथून खाली उतरत उतरत दोनशे तेरा. त्या फाईलला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

या वर्षी संघाला नवे अध्यक्ष मिळाले, विजयसिंह. हे हौशी गृहस्थ. ते म्हणाले, “गणपतराव, ह्या वयात कुठं उन्हातान्हातनं हिंडताय? मेल टाका की. एक बटन दाबलं की झालं काम.”

गणपतरावांना हे पटलं नाही, पण अध्यक्ष मानानं वर. वरच्याला नाही म्हणायची त्यांची रीत नव्हती. सभासदांचे मेलचे पत्ते गोळा केले. बहुतेक पत्ते नातवांचे किंवा सुनांचे निघाले, तरी निघाले. आता यादी एक्सेलमधून मेलमध्ये न्यायची होती.

कंप्युटरवर संघप्रिया बसायची. तिशीतली, कामाला चलाख. गणपतरावांना ती ‘काका’ म्हणायची, पण काकांचं किती ऐकायचं हे तिचं ती ठरवायची. गणपतराव खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. परक्या गावाला चाललेल्या पोराची ट्रंक भरताना बसावं, तसे बसले.

पहिल्या फेरीला यादी उतरली, पण त्यात एकही नाव नव्हतं. वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. दोनशे तेरा सभासद आणि सगळ्यांची प्रश्नचिन्हं झालेली.

“काका, मराठी अक्षरं वाचता आली न्हाईत त्याला. फाईल दुसऱ्या पद्धतीनं सेव्ह करतो.”

“कशाला? बराबर हाय की,” गणपतराव म्हणाले. “संघात सरळ उत्तर देनारा एक मानूस दाखव मला.”

दुसऱ्या फेरीला कंप्युटरनं विचारायला सुरुवात केली. कुठला रकाना नावाचा, कुठला आडनावाचा, टोपणनाव आहे का, वाढदिवस कधी. गणपतराव चष्मा वर-खाली करून शोधत होते.

“मान कुठं इचारलाय?”

“तसा रकाना न्हाय काका.”

“वाढदिवसाला रकाना हाय आनि मानाला न्हाय? कुठल्या गावचं हाय हे?”

संघप्रियानं बटण दाबलं. नावं उतरली, स्वच्छ मराठीत उतरली, आणि गणपतराव खुर्चीतून अर्धे उठले. सगळ्यांत वर अंकुश! परवा परवा गिरणी टाकलेला, अजून पट्टासुद्धा धड चढवता न येणारा अंकुश! चिमणाबाई खाली ‘च’च्या घोळक्यात कुठंतरी उभ्या.

“ही बाराखडी कुनी लावली?”

“त्यानंच लावली. तो तशीच लावतोय.”

“त्याला म्हनावं, सोड. आधी होती तशी ठेव.”

“काका, ही ओळ आपल्याबिगर कुनाला दिसत न्हाय. आनि मेल टाकताना सगळे पत्ते ह्या खालच्या कप्प्यात टाकायचे. मंग कुनाचं नाव कुनाला दिसत न्हाय. ज्याला त्याला वाटतंय, आपल्यालाच आली.”

गणपतराव ताठ झाले. “म्हंजे चोरून बोलवायचं? आपन काय पोरगी पळवून लगीन लावतोय व्हय?”

संघप्रिया हसली. “मी जेवून येतो, मग बघू,” म्हणून ती डबा घेऊन खाली गेली. आणि तेवढ्या अर्ध्या तासात गणपतरावांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलं.

त्यांना एक युक्ती सुचली होती. कंप्युटरला मान कळत नाही, पण आकडे कळतात. त्यांनी एक्सेल उघडलं आणि प्रत्येक नावाच्या आधी आकडा चिकटवला. ००१ चिमणाबाई. ००२ अमरसिंह. असं करत करत पार खालपर्यंत. मग संघप्रियानं केलं तसंच एकेक बटण दाबत यादी पुन्हा मेलमध्ये उतरवली. आणि काय सांगावं, बाराखडी गपगार झाली! चिमणाबाई पहिल्या, अंकुश दोनशे अकरावा. गणपतरावांचे डोळे भरून आले. एवढा मोठा कंप्युटर, पण त्यालाही आपण रीत शिकवली, असं त्यांना वाटलं. मग खालचा चोरकप्पा सोडून सगळी नावं वरच्या उघड्या रकान्यात, आकड्यांसकट, ओळीनं बसवली आणि मेळाव्याचं निमंत्रण धाडून दिलं.

संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक गिरणीवाल्याला आपला मान किती, ते आकड्यात कळलं.

आजवर हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक जण स्वतःला पहिल्या दहात धरून सुखानं दळत होता. आता नातवांनी जेवताना मोठ्यानं मेल वाचली आणि घराघरांत घास अडकला.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. एक्केचाळीस नंबरवाला म्हणाला, चाळीस नंबरवाल्यानं माझ्याकडून उसना पट्टा नेलाय, तो माझ्या पुढं कसा? साठ नंबरवाल्याच्या मुलाला बघायला आलेल्या पाव्हण्यांनी पोहे खायच्या आधी नंबर विचारला. एका गावात दोन गिरण्या समोरासमोर. त्यातल्या एकानं दारावर पाटी लावली, ‘संघात ३३ वा’, आणि समोरच्यानं दुसऱ्या दिवसापासून शटर अर्धंच उघडलं. एक नंबरच्या चिमणाबाईंचाही फोन आला. त्या म्हणाल्या, “मला एक नंबर देऊन बसलास, आता गावात माझ्यासंगं कोन भांडंना. दिवस कसा काढू मी?”

“काका,” संघप्रिया शांतपणे म्हणाली, “खालचा कप्पा.”

“गप बस,” गणपतराव म्हणाले.

पण गडी हार खाणारा नव्हता. त्यांनी दोन दिवस फोन धरून ठेवला आणि तोंडानं साखर पेरली. वरच्या नंबरवाल्यांना ते म्हणायचे, “पंगतीत मानाचं पान पहिलं वाढत्यात, तसं हाय हे.” आणि खालच्या नंबरवाल्यांना म्हणायचे, “वरातीत बँडवाले पुढं असत्यात. नवरदेव कुठं असतोय? शेवटाला!” झालं. वरचे खूश, खालचे त्याहून खूश. अंकुशनं तर आनंदानं पेढे वाटले.

राहिला एक. दोनशे तेरांच्या यादीत वरून मोजा नाहीतर खालून मोजा, एकशेसात नंबर बरोब्बर मधोमध येतो. पंगत लावा, तो मध्ये. वरात काढा, तो मध्येच. त्याला कुठलीच साखर लागू पडत नव्हती. आणि हा एकशेसातवा म्हणजे कबनूरचे धैर्यशील मगदूम. गणपतरावांचे व्याही.

त्यांना मध्ये घालताना गणपतरावांनी फार डोकं चालवलं होतं. वर घातलं तर लोक म्हणणार, बघा, सोयऱ्याला डोक्यावर बसवला. खाली घातलं तर घरात महाभारत. म्हणून मधोमध; म्हणजे कुणाला नाव ठेवायला जागा नको. मगदुमांची गिरणी कबनूरला, यंत्रमागांच्या बोळाच्या तोंडाशी. माणूस कमी बोलणारा. बाकी सगळ्यांनी शिव्या घातल्या, यांनी फोनसुद्धा केला नाही. आणि शिव्या घालणारा माणूस परवडतो, गप बसलेला परवडत नाही, एवढं गणपतरावांना कळत होतं.

त्यात येत्या रविवारी बारसं होतं. गणपतरावांच्या अनुजाला दुसरी मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे सासरी. पाळणा कबनूरला बांधायचा होता. शालननं कुंची शिवून ठेवली होती, झबली धुऊन घडी घातली होती. सगळ्या पाव्हण्यांना सांगणं गेल्याचं कानावर येत होतं. फक्त बाळाच्या आईच्या माहेरी, म्हणजे यांच्या घरी, कुणी काही बोललं नव्हतं. बोलावल्याशिवाय जायचं कसं? लेकीच्या सासरी आगंतुक म्हणून उभं राहायचं? गणपतरावांना भाकरी गोड लागेना.

त्यांनी अनुजाला फोन लावला.

“पप्पा, मी इचारलो मामास्नी,” सासऱ्यांना मामा म्हणणारी अनुजा हळू आवाजात म्हणाली. “म्हटलो, घरला सांगायचं राहिलंय. तर म्हनाले, बघू. आनि गिरनीत जाऊन बसले.”

“नंबराचं काय बोलले?”

“काय बी न्हाय.”

काहीच नाही म्हणजे फारच लागलंय, असा गणपतरावांनी हिशेब केला. मग डोकं असं चाललं की बघायला नको. दोनशे तेराला मधला असतो. दोनशे चौदाला नसतो! त्यांनी सम्राट नावाच्या एका तरुणाला गाठलं. त्याची गिरणी अजून पोत्यात बांधलेली होती, तरी त्याला तातडीनं सभासद करून घेतलं, शेवटी लावला आणि सुधारित यादीसह दुसरी मेल सोडली. विषय ‘कृपया मधला कोणी नाही याची नोंद घ्यावी’. तासाभरात गगनबावड्याहून धोंडीरामांचा फोन आला. हे एकशेआठ नंबर.

“गनपतराव, माझ्यावर काय राग हाय का? परवा नवरदेव केलासा, आता मधी आनलासा. वर ह्यो ॲम्ब्युलन्सचा नंबर. पोरं मला बघून सायरन वाजवाय लागलीत.”

“काका,” संघप्रिया म्हणाली, “आता एकाच्या जागी दोघं मधले झाले.”

गणपतरावांनी डोक्याला हात लावला. शुक्रवार उजाडला तरी कबनूरहून काही नाही. शालन सकाळी कुंची पिशवीत घालायची आणि संध्याकाळी काढून ठेवायची. आपली नात पाळण्यात पडणार, तिच्या कानात नाव सांगणार, आणि आपण शाहूपुरीत खुर्चीवर बसलेले असणार, या विचारानं गणपतरावांना खरंच रडू यायचं. मान मान करत जन्म काढला आणि घरच्याच दारात अपमान पदरी आला.

शुक्रवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पांढरी टोपी, भुवईवर पिठाचा कण. धैर्यशील मगदूम स्वतः.

गणपतराव उठून उभे राहिले. संघप्रियानं खुर्ची पुढे केली. मगदूम बसले. पाण्याचा तांब्या पुढे आला, तो त्यांनी बाजूला ठेवला. आणि गणपतरावांनी आठवडाभर घोकलेलं सगळं एका दमात सुरू केलं.

“पावणं, तुम्ही गैरसमज करून घेतलासा. मधला म्हंजे काय? जात्याचा खुट्टा! सगळा दगड कुनाभवती फिरतोय? खुट्ट्याभवती. पंगत घ्या, आमटीचं भगुनं कुठं ठेवत्यात? मधी. गावात देऊळ कुठं असतंय? मधी. तुम्हाला मी असा...”

मगदुमांनी सगळं ऐकून घेतलं. जातं झालं, भगुनं झालं, देऊळ झालं. मग त्यांनी विचारलं, “झालं?”

“झालं.”

“कसला नंबर?”

गणपतरावांनी कंप्युटरकडे बोट केलं.

“नंबर मी बघितलाच न्हाय,” मगदूम म्हणाले. “एकशेसात का दोनशेसात, मला काय करायचंय? पोरानं दाखवलं, मेल आली म्हनून. मी तेवढंच बघितलं, की मेल आली.” त्यांना इतकं बोलायची सवय नव्हती. “दरसाल तुम्ही माझ्या गिरनीच्या दारात यून हाक मारायचा. ‘पावणं हायत का?’ मागांचा दंगा चालू असायचा, तरी मला हाक ऐकू यायची. ही च्या टाकायची. अर्धा घंटा बसायचा. जिल्ह्यात दोनशे गिरन्या असतील, मला त्याचं काय. माझ्याकडं मेळाव्याचं आवतान म्हंजे त्यो च्या होता. औंदा मशीननं हाक मारली. आता मशीनला मी काय च्या पाजू?”

संघप्रिया कंप्युटरकडे तोंड करून बसली, पण तिचे हात थांबलेले होते.

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. सगळ्या जिल्ह्याचा मान तोलून झाला होता आणि एक साधी गोष्ट तोलायची राहिली होती. लाज वाटली त्यांना. इतकी की समोर बघवेना.

“चुकलंच माझं, पावणं,” ते म्हणाले.

“चुकलं ते चुकलं. आता मी बारशाचं सांगाया आलोय. फोनवर सांगितलं असतं, पन घरच्या मानसाला फोनवर सांगत्यात व्हय?”

गणपतरावांच्या जिवात जीव आला. “सांगा की, पावणं. सांगा!”

“कसं सांगू? तुमचं आधीचं आवतान राहिलंय. ते झाल्याबिगर माझं कसं सांगता येईल? रीत हाय का न्हाय?”

गणपतरावांनी सदरा सारखा केला. मग म्हणाले, “मंग आत्ता देतो. मेळाव्याला यायचं...”

“हितं न्हाय,” मगदूम उठले. “दारात.”

संघप्रियानं टेबलावरची त्यांची टोपी उचलून हातात दिली. गणपतरावांची स्कूटर नेमकी मेस्त्रीकडे होती. म्हणून मग ज्याला आवतण द्यायचं, त्याच्याच मोटारसायकलवर, त्याच्याच मागे बसून, गणपतराव आवतण द्यायला कबनूरला निघाले. हातकणंगल्याजवळ मगदुमांनी मान वळवून विचारलं, “नीट बसलाय न्हवं?”

गिरणीच्या दारात गाडी लागली. मागांचा खडखडाट चालू होता. मगदुमांनी गाडी स्टँडवर घेतली, गणपतरावांना हातानंच ‘थांबा’ म्हणून खूण केली, आत गेले, गिरणीच्या मागच्या बाजूला जाऊन खुर्चीवर बसले आणि दाराकडे पाठ केली.

दळण घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका कधी आत बघत होत्या, कधी बाहेर. आत्ता एकाच गाडीवरून उतरलेली ही दोन म्हातारी माणसं काय खेळतायत, हे त्यांना कळेना. वर माडीच्या खिडकीत अनुजा बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती.

गणपतरावांनी टोपी सारखी केली. खाकरले. आणि मागांच्या वरताण आवाज काढून ओरडले, “पावणं हायत का?”

“कोन हाय?” आतून आवाज आला.

“मी हाय, गनपतराव. कोल्हापूरहून आलोय.”

मगदूम बाहेर आले. पहिल्यांदाच बघावं तसं त्यांनी गणपतरावांकडे बघितलं. “या की! कधी आलासा? अहो, ऐकलं का, च्या टाका! पावणं आल्यात.”

“मेळावा हाय, पावणं. यायचं.”

“बघतो. जमलं तर येतो.”

हेच उत्तर. दरसाल हेच उत्तर यायचं आणि दरसाल माणूस यायचा. मगदुमांनी गणपतरावांचा हात धरून त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं. मग स्वतः दोन पावलं मागे सरकले, खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि गणपतरावांच्या कपाळाला बोट लावलं.

“रविवारी नातीचं बारसं हाय. सगळ्यांनी यायचं.”

आठवडाभर ज्या शब्दासाठी डोळा लागला नव्हता तो शब्द समोर उभा होता, आणि व्याह्यांच्या गळ्यात पडून हो, हो, हो म्हणावं असं गणपतरावांना वाटत होतं. पण रीत ती रीत. त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला, नीट उभे राहिले आणि म्हणाले,

“बघतो, पावणं. जमलं तर येतो.”